एका बाळासाठी बाटली उघडत नाहीत म्हणे, लस वाया जाते!

डोकं फिरलंय आज. भाचीला नऊ महिने कधीच पूर्ण झालेत, गोवर-रुबेलाची लस द्यायची राहिलीय, तिसऱ्यांदा आरोग्य केंद्रात घेऊन गेलो आणि तिसऱ्यांदा हात हलवत परत आलो. कारण काय तर म्हणे पुरेशी मुलं आली नाहीत. एका बाटलीत १० डोस असतात, आज तिघंच आलीत, बाटली फोडली तर ७ डोस फुकट जाणार, पुढच्या वेळी या. मी म्हटलं, सिस्टर, पुढच्या वेळी पण तिघंच आली तर? त्या म्हणाल्या, दादा मी तरी काय करू, वाया गेलेल्या एकेका डोसचं उत्तर मला द्यावं लागतं, वरून फोन येतो.

त्या बाईंवर माझा राग नाहीये, हे आधीच सांगतो. त्या एकट्या, हातात रजिस्टर, आणि रजिस्टरमध्ये वाया गेलेल्या डोसचा रकाना आहे. पण लस न घेता परत गेलेल्या बाळाचा रकाना आहे का? नाहीये! आमची पोर तीन वेळा दारातून परत गेली आणि त्या केंद्राच्या कागदावर त्याचा एक शब्द नाही, म्हणजे हिशेबात सगळं उत्तम चाललंय.

आता कोणी म्हणेल, अरे मग उरलेले डोस ठेवायचे ना दुसऱ्या दिवसासाठी. नाही ठेवता येत आणि ठेवूही नयेत, ते मला पण कळतं. ही लस पावडर असते, द्रावण घालून कालवली की त्यात जंतू मारायला काही प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणून डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) नियमानं फार तर ६ तास, नाहीतर सेशन संपेपर्यंत, जे आधी येईल ते, नंतर टाकायचीच. बीसीजीचं, म्हणजे टीबीच्या लसीचं पण तसंच. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये गोवराची लस चार दिवस थंडाव्याशिवाय ठेवली, एकच सिरिंज सगळ्या मुलांना वापरली, १५ लेकरं गेली. तेव्हा सहा तासांच्या नियमाला कोणी हात लावू नये. पण म्हणूनच तर हे ७ डोस जाणार हे आधीच धरून चालायला पाहिजे ना! डब्ल्यूएचओ सुद्धा हेच सांगतं की एक मूल आलं तरी बाटली उघडा. गोवराचा एक पेशंट लस न घेतलेल्या लोकांत १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, आणि आपण बाटली वाचवत बसलोय. ५ डोसची छोटी बाटली पण मिळते, दर डोसमागे महाग पडते म्हणून घेत नसतील तर घेऊ नका, पण मग मोठीतले उरलेले डोस टाकायची तयारी ठेवा, दोन्हीकडून नाही म्हणून कसं चालेल.

आणि खरं वाया कुठे जातं माहितीये? न उघडलेल्या बाटल्यांत. उघडलेल्या बाटलीतले डोस गेले तरी निदान तीन मुलांना लस मिळाली, बंद बाटली मुदत संपून, नाहीतर तापून किंवा गोठून गेली की कोणालाच काही मिळत नाही, सगळा डबाच्या डबा जातो. मी वाट बघत बसलो होतो तेव्हा फ्रिजवरचा तापमानाचा तक्ता बघितला. सकाळ ४, संध्याकाळ ४, सकाळ ४, संध्याकाळ ४, अख्खा महिना एकाच पेनानं, आणि कहर म्हणजे उद्याच्या रकान्यात पण ४ आधीच भरलेलं!! उद्याचं तापमान आज कसं कळलं हो तुम्हाला? २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते लस, त्याच्यासाठीच तो तक्ता, रात्री लाइट गेली का, दार नीट लागलं का, ते त्यातूनच कळणार ना.

बरं उष्णतेचं निदान बाटलीवरच कळतं, व्हीव्हीएम म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारा ठिपका असतो, गोलातला चौकोन गडद होत जातो, गोलाइतका काळा झाला की बाटली बाद. पण गोठलेली लस तो दाखवतच नाही. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस), हिपॅटायटिस बी, धनुर्वाताची लस, ह्यांच्यात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, एकदा गोठली की कण गोळा होऊन तळाशी बसतात आणि लसीची ताकद जाते, मग परत वितळवून काही उपयोग नाही. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक पाणी सुटायच्या आत तसेच कडक कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या थंड डब्यात कोंबले तरी हे होतं. संशय आला तर शेक टेस्ट करायची असते, म्हणजे बाटली हलवून कण तळाशी किती भरभर बसतात ते बघायचं, पण संशय यायला तक्ता खरा लिहिलेला पाहिजे ना! तक्त्यावर ४ आहे म्हणजे लस चांगली, ती मुलांना टोचली जाणार, आईबापांना वाटणार झालं एकदाचं. असा डोस वाया गेलाय हे कुठल्याच रजिस्टरला कधीच कळणार नाही, मूल आजारी पडेल तेव्हाच कळेल.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी घरी येऊन गप्प बसलो असतो कदाचित. बाळ रडायला लागलं म्हणून तिला घेऊन मागच्या बाजूला गेलो तर तिथे खड्डा, खड्ड्यात अर्धवट जळालेल्या सिरिंजा, सुया तशाच लागलेल्या, फुटलेल्या बाटल्या, आणि बाजूला एक सेफ्टी बॉक्स, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा, इतका ठासून भरलेला की पुठ्ठ्यातून सुई बाहेर आलेली. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा असतो! कुंपण नाही, झाकण नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला टोचलेली सुई दुसऱ्याला लागली तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते, आणि तो कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात धड हातमोजे पण नव्हते, मी बघितलंय. असं उघड्यावर कमी आगीत जाळलं की डायऑक्सिनसारखं विष हवेत जातं ते वेगळंच. गोवर आणि बीसीजी ह्या जिवंत जंतूंच्या लसी आहेत, कमजोर केलेले का असेनात, उरलेली बाटली ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं) नाहीतर रसायनानं निर्जंतुक करूनच पुढे जायला पाहिजे.

कोविडच्या वेळी ८०० कोटी डोस दिले तेव्हा नुसत्या सिरिंजा, सुया आणि सेफ्टी बॉक्स मिळून १ लाख ४४ हजार टन कचरा झाला, २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनंच सांगितलं, आणि जगातल्या १०० पैकी ३० दवाखान्यांकडे रोजचाच कचरा नीट हाताळायची सोय नाही हे पण त्यातच होतं. म्हणजे कळत नाही असं नाहीये कोणाला. ७ डोससाठी वरून फोन येतो, मग ह्या खड्ड्यासाठी का नाही येत? एकदा तरी कोणी साहेबानं इमारतीच्या मागे चक्कर मारलीय का?

पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. ह्या वेळी मी आधीच लेखी अर्ज नेणारे, आमच्या पोरीला लस का दिली नाही ते कागदावर लिहून द्या, तारखेसकट, सहीसकट, तीन वेळांचं तीन वेळा. नाहीतर बाटली उघडा.