संपावर बंदी आलेली नाही, नोटिशीच्या तारखा मात्र मोजायला लागतील

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, आणि तेव्हापासून कामगारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर जागोजागी बदलतो, गाभा तोच: ‘संपावर आता कायद्याने बंदी. एक दिवस संप केला तर आठ दिवसांचा पगार कापणार. तीन दिवस कामावर दिसला नाहीत तर नोकरी सोडली असं धरणार. संपात गेलेल्याला कंपनी थेट काढू शकते. गेटवर उभं राहिलात तर पोलीस उचलणार. कंत्राटी कामगाराला तर कसलाच हक्क नाही.’ शेवटी कामगार बांधवांच्या हितासाठी पुढे पाठवण्याची विनंती.

धादांत खोटा मेसेज असता तर त्याला उत्तर देणं सोपं होतं. यातल्या बऱ्याच ओळींमागे कायद्याचं एखादं खरं कलम आहे, फक्त त्याचा अर्धा भाग गाळलेला. युनियनच्या कामात रोज हेच प्रश्न येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. हे खाजगी कारखाने आणि आस्थापनांबद्दल आहे. सरकारी कर्मचाऱ्यांचं गणित वेगळं: सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तमिळनाडूच्या प्रकरणात त्यांना संपाचा हक्क नाही असं स्पष्ट म्हटलंय, शिवाय सेवाशर्तींचे नियम आणि ‘मेस्मा’ हा महाराष्ट्राचा अत्यावश्यक सेवांचा कायदा आहेच.

‘संपावर बंदी.’ नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ६२ मध्ये संप कधी करता येणार नाही याची यादी आहे. यादीबाहेरचा संप कायदेशीरच. बदल झालाय तो नोटिशीत. १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्यात सक्तीची नोटीस होती ती लोकोपयोगी सेवांपुरती. आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला ती लागू आहे. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही, नोटिशीत लिहिलेल्या तारखेआधी करता येत नाही, आणि नोटिशीनंतर ६० दिवस उलटून गेले तर नवी नोटीस लागते.

वाचायला साधं वाटतं, पण घोटाळा इथेच होतो. समजा नोटिशीवर तारीख टाकली १ जून आणि ती कंपनीत पोचली ३ जूनला. दिवस ३ पासून मोजायचे, १ पासून नाही. ३ तारीख सोडून १४ दिवस मोजले की १७ येते, म्हणजे संप १८ ला. आता १७ ची तिसरी पाळी बघा. रात्री आत जायचं आणि १८ च्या सकाळी बाहेर यायचं. ‘उद्यापासून संपच आहे, आज रात्री कशाला जायचं’ म्हणून ती पाळी कामावर गेलीच नाही, तर संप १७ लाच सुरू झाला आणि तो बेकायदेशीर. त्यामुळे नोटिशीत ‘अमुक तारखेच्या पहिल्या पाळीपासून’ असं स्वच्छ लिहावं आणि आदल्या रात्रीची पाळी पूर्ण भरावी. तारीखही अगदी काठावरची न धरता दोन-चार दिवस पुढची धरलेली बरी.

पोच हा दुसरा विषय. गेटवरचा सिक्युरिटीवाला ‘साहेब नाहीत’ म्हणून कागद परत देतो, टाइम ऑफिस एचआरकडे बोट दाखवतं, एचआरवाले मीटिंगमध्ये असतात. अशा वेळी गेटवर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर टाका, कामगार आयुक्त कार्यालयात प्रत देऊन शिक्का घ्या. नोटीस कोणाच्या सहीने आणि कोणत्या नमुन्यात द्यायची हे नियमांनी ठरतं, तेही तिथेच विचारून घ्या. जुना फॉर्म कॉपी करून सह्या गोळा करणं महागात पडू शकतं.

मेसेज लिहिणाऱ्याच्या हाताला खरी अडचण लागलेलीच नाही. नोटीस मिळाली की मालकाने पाच दिवसांत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. अधिकारी बैठक लावतो. पहिली बैठक झाली की समेटाची प्रक्रिया सुरू झाली, आणि ती चालू असेपर्यंत व संपल्यावर आणखी ७ दिवस संप बंद. संपाची नोटीस असेल तर अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. समेट फिसकटला की कोणताही पक्ष, म्हणजे मालकसुद्धा, न्यायाधिकरणात जाऊ शकतो, आणि तिथे प्रकरण असेपर्यंत व नंतर ६० दिवस पुन्हा संप नाही. मालकाने ठरवलं तर संपाची तारीख अशी पुढे पुढे ढकलली जाते. या कायद्यावर टीका करायची तर इथे करावी, मी करतोच. अटींच्या या कुंपणाच्या फाटकाची एक किल्ली मालकाच्याही खिशात आहे. पण कुंपण म्हणजे बंदी नव्हे.

उलट बाजूचाही एक मेसेज फिरतो, की संप हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, कोणी केसाला धक्का लावू शकत नाही. तोही चूक. संघटना करण्याचा हक्क मूलभूत आहे, त्यात संपाची हमी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९६१ मध्येच सांगितलंय. संपाचा हक्क कायद्यातून येतो, म्हणून त्याच्या अटीही कायद्यातच शोधायच्या.

आणि ती जुनी युक्ती, ‘संप म्हणायचंच नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी सीएल टाकायची’, ती आता सोडून द्या. नव्या व्याख्येप्रमाणे ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच. नोटीस दिलेली नसते, त्यामुळे तो थेट बेकायदेशीर ठरतो. हा सल्ला अजूनही अनुभवी माणसं देतात याचं मला नवल वाटतं.

‘एक दिवस संप, आठ दिवसांचा पगार.’ हे कुठून आलं ते बघा. वेतन संहिता, २०१९ मध्ये (आणि त्याआधी १९३६ च्या कायद्यातही) गैरहजेरीच्या कपातीला एक जोड आहे. दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, योग्य नोटीस न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर नोटिशीच्या बदल्यात जास्तीत जास्त आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापता येतं, तेही नोकरीच्या करारात तशी अट असेल तर. म्हणजे नोटीस नाही, वाजवी कारण नाही आणि करारात अट आहे, हे तिन्ही जुळावं लागतं. आठ ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नाही. नियमाप्रमाणे नोटीस देऊन केलेल्या संपाला हे लागू करायला आधारच उरत नाही.

संपाच्या दिवसांचा पगार मात्र साधारणपणे मिळत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. तो हवा असेल तर संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा, असं घटनापीठाने १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात ठरवलंय. दिवसातले चारच तास काम बंद ठेवलं तरी पूर्ण दिवसाचा पगार कापला जाऊ शकतो, हे त्याआधी १९९० मध्ये बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात झालंय. ‘दोन तास टूल डाउन करू, म्हणजे जागेवर बसून काम थांबवू, दोनच तासांचे पैसे जातील’ हा हिशोब त्यामुळे धरू नका. सेवेच्या सलगतेची काळजी नको, कायदेशीर संपाने ती तुटत नाही.

‘तीन दिवस दिसला नाहीत तर नोकरी सोडली.’ हे सरळ चूक आहे. नोकरी सोडायला सोडण्याचा इरादा लागतो. संपावरचा माणूस तीच नोकरी बऱ्या अटींवर मागत असतो. केमिकल्स अँड फायबर्स कंपनीच्या खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. सलग गैरहजेरीवरून नाव आपोआप कमी करणाऱ्या स्थायी आदेशाच्या (कारखान्याच्या सेवानियमांच्या) कलमाबद्दलही १९९३ मध्ये जेएमए इंडस्ट्रीजच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय असं करता येणार नाही. तरीही कंपनीचं ‘कामावर हजर व्हा’ पत्र आलं तर गप्प बसू नका. दोन ओळींचं उत्तर द्या: मी नोकरी सोडलेली नाही, अमुक नोटिशीप्रमाणे संपात आहे. पत्र घ्यायला नकार देणं ही सगळ्यात वाईट सवय. घेऊन पाकिटावर मिळाल्याची तारीख टाका, पाकीटही जपून ठेवा.

‘कंपनी थेट काढू शकते.’ कायदेशीर संपात भाग घेतला म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा, म्हणजे कायद्याने मना केलेली वागणूक आहे. अशा संपात नवी भरती करणं आणि परत घेताना चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र मागणं, या दोन्ही गोष्टीही त्याच यादीत आहेत. हमीपत्र पुढे आलं तर एकट्याने सही करू नका, प्रत मागा, युनियनला दाखवा. गंमत अशी की समेटाची जी प्रक्रिया संप अडवते तीच नोकरीही राखते. ती चालू असताना त्या वादाशी संबंधित गैरवर्तनासाठी कोणाला काढायचं तर मालकाला आधी संबंधित अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते.

बेकायदेशीर संपाची किंमत खरी आहे: १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. भडकवणाऱ्याला दंड आणखी जास्त. पण तिथेही सरसकट बडतर्फी चालत नाही. गुजरात स्टील ट्यूब्सने आठशेहून अधिक कामगार एकदम घरी बसवले होते. १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. नुसता संपात असलेला कामगार आणि मारहाण-नासधूस करणारा यांना एकाच मापाने मोजता येत नाही, प्रत्येकाचा दोष वेगळा सिद्ध करावा लागतो.

यावर कोणीतरी हमखास १९८२ काढतं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि हजारोंना नोकरी परत मिळाली नाही, हे खरं. पण तो संप मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ खाली बेकायदेशीर होता. त्या कायद्यात वाटाघाटीचा हक्क एकट्या प्रातिनिधिक युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे कामगार होते, कायद्यातली खुर्ची नव्हती. त्यात गिरण्यांचा धंदाही आधीच खचत चालला होता. त्यावरून ‘संप केला की नोकरी जाते’ असा नियम काढता येत नाही. आपल्या कारखान्यात मान्यता कोणत्या युनियनला आहे हे आधी बघावं, एवढं मात्र नक्की निघतं.

‘गेटवर उभं राहिलात तर पोलीस.’ शांतपणे उभं राहणं, घोषणा देणं हा गुन्हा नाही. आत जाणाऱ्याला अडवणं, घेराव, साहेबाच्या घरासमोर निदर्शनं ही मात्र युनियनच्या बाजूची अनुचित प्रथा धरली जाते. कंपनी बहुतेक वेळा आधीच कोर्टातून मनाई हुकूम आणते, त्यात गेटपासूनचं अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. तो हुकूम वाचा, अंतर टेपने मोजा, जमिनीवर चुन्याची रेघ मारा आणि मंडप रेघेच्या बाहेर घाला. एकाने रोज फोटो काढून ठेवायचे, तारीख-वेळ दिसेल असे. दगड कोणी मारला हा वाद पुढे उभा राहिला तर तेच कामाला येतात.

कंत्राटी कामगारालाही युनियन आहे, वाद मांडण्याचा हक्क आहे, संपाचाही आहे. त्याचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो, त्यामुळे नोटीस कंत्राटदाराला द्यायची आणि प्रत मूळ कंपनीला. त्याची बाजू कमकुवत आहे हे खरंच, कारण कंत्राटच संपवून टाकलं तर कायदा दूर आणि रिकामे हात जवळ. म्हणून कंत्राटी कामगारांनी एकट्याने उतरू नये, कायम कामगारांच्या मागण्यांत आपली मागणी आधी लिहून घ्यावी. ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक) यांचे फोटो संपाच्या आधीच घरच्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावेत. गेटपास काढून घेतला की इथे कामाला होतो हे दाखवणंच अवघड होऊन बसतं.

निलंबनाचं पत्र आलं तर ती बडतर्फी नव्हे. पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी लांबली आणि दोष कामगाराचा नसेल तर पुढे ७५ टक्के. चौकशीला प्रत्येक तारखेला हजर राहा, सोबत प्रतिनिधी मागा, आणि रोजच्या कामकाजाच्या कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचून प्रत घ्या. इंग्रजीत लिहिलेलं कळत नसेल तर ‘मराठीत समजावून सांगितलेलं नाही’ एवढं सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा.