सिंहगडाचे किती धरले?

परवा आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची किंमत काढून झाली. आजची नव्हे, १ एप्रिल २००१ ची. वडिलांनी घर घेतलं १९८८ साली, मी असतो इंग्लंडात, आता फ्लॅट विकायचाय आणि भांडवली नफ्यावर कर भरायचाय. एवढ्या जुन्या घराला त्या तारखेची किंमत खरेदीची म्हणून धरता येते. ती सांगायला सरकारमान्य व्हॅल्युअर लागतो. तो आला. त्याच्यामागोमाग, कोणी न बोलावता, समोरचे काका आले.

व्हॅल्युअरने टेप काढली. दुसरं टोक मी धरणार, तोच काकांनी धरलं.

"ही फरशी धरू नका. २०१२ ची आहे. तेव्हा मोझेक होतं आणि इथे तडा होता. ह्याच्या मुंजीत आचाऱ्याने वरवंटा पाडलान्."

व्हॅल्युअरने चक्क लिहून घेतलं: तडा.

"आणि सिंहगडाचे किती धरले?"

"कशाचे?"

"सिंहगडाचे. २००१ साली ह्या गॅलरीतून सिंहगड दिसायचा. पावसाळ्यात ढगात जायचा, ते चार महिने वजा करा हवं तर."

"काका, दिसण्याला रकाना नाहीये."

"मग तो समोरचा टॉवरवाला 'फोर्ट व्ह्यू' म्हणून जादा घेतो ते? आमचा गड आमच्याच पुढ्यात उभं राहून विकला मेल्याने!"

मुद्दा बिनतोड होता. मी मान डोलावणार, तेवढ्यात काका माझ्याकडे वळले. "तुला काय रे, पौंडात कमावतोस. भर की!"

हे मात्र लागलं. जुलै २०२४ पासूनचा नियम असा, की काकांनी आपला जुना फ्लॅट विकला तर त्यांना निवड आहे: सरळ साडेबारा टक्के, नाहीतर महागाई निर्देशांक लावून वीस. मी अनिवासी, मला फक्त साडेबारा. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६. म्हणजे २००१ चे शंभर रुपये काकांच्या घरात ३७६ होऊ शकतात आणि भिंतीअलीकडे माझ्या घरात शंभरचे शंभरच राहतात. महागाईसुद्धा माझ्या दारावरची पाटी वाचून पुढे जाते! वर गिऱ्हाईक रोज फोन करून विचारतंय, आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र आलं का, नाहीतर टीडीएस, म्हणजे माझ्या पैशातून आधीच कापून भरायचा कर, पूर्ण रकमेवर कापतो. काकांच्या गिऱ्हाइकाने कापायचा एक टक्का.

सगळं मोजून झाल्यावर व्हॅल्युअर थंडपणे म्हणाला, "तसंही साहेब, २००१ च्या रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, जी किंमत येते, तिच्या वर आपल्याला जाता येत नाही."

"मग गॅलरी, फरशी, तडा..."

"रिपोर्टला लागतं."

"मग तडा तरी खोडा," मी म्हणालो.

"खोडू नका, होता तो," काका म्हणाले. टेपचं टोक अजून त्यांच्याच हातात. "आणि टेप उघडलीच आहे तर आमचंही मोजून टाका. मुलगा कॅनडात असतो, उद्या त्याला लागेल."

दोघं समोरच्या दारात शिरले. व्हिजिटचे पैसे मी सकाळीच भरले होते.