बाराशे वर्षांचा बांध

आप्पा भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. ज्याचा जन्म हद्दी मोजण्यात गेला, त्याला लंडनचा राजवाडा दाखवून काय होणार? त्यांनी कुंपणाकडे बघितलं, 'ठीक आहे' म्हणाले आणि चहा मागितला. बर्मिंगहॅमला घरी आल्यावर मात्र माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. "आप्पा, इथून पश्चिमेला नाइटन नावाचं गाव आहे. गाव वेल्समध्ये आणि त्याचं स्टेशन इंग्लंडमध्ये."

आप्पांनी घास ताटात परत ठेवला. "नकाशा आण."

तिसऱ्या दिवशी आम्ही श्रूसबरीला गाडी बदलून नाइटनला उतरलो. या मार्गावर दिवसातून मोजक्याच गाड्या. त्यामुळे एकदा उतरलं की गाव आवडो न आवडो, तास काढावेच लागतात. स्टेशनची जुनी इमारत दगडी, गॉथिक थाटाची, उतरत्या छपरांची. आप्पांना ती देऊळच वाटली. हात अर्धे जोडले गेल्यावर त्यांना रूळ दिसले.

टेम नदीचा पूल आला. सरहद्द. ना शिपाई, ना चौकी, नदीही अशी की आमच्याकडे हिला ओढा म्हणून नोंदवतील. तरी आप्पा स्टेशनपासून पावलं मोजत आले होते आणि नेमका पुलावर मी विचारलं, "पाणी हवं का?" आकडा विसरला. आम्ही स्टेशनवर परत गेलो आणि पुन्हा मोजत आलो. पाठीवरच्या पिशवीत आईने दिलेल्या दशम्या, थर्मास, छत्री आणि आप्पांचा स्वेटर. सामान माझ्याकडे, मोजणी त्यांच्याकडे, अशी सरळ वाटणी होती.

पलीकडे डांबरावर ठळक अक्षरांत दोन शब्द रंगवलेले. वरचा इंग्रजी 'स्लो', खालचा आप्पांनी अक्षर लावून 'अराफ' असा वाचला. मी सांगितलं, वेल्शमध्ये त्याचा उच्चार 'आराव', अर्थ हळू.

"बरोबर आहे. राव म्हटलं की हळूच चालायचं," असं म्हणून ते जे हळू झाले ते संध्याकाळपर्यंत.

गावाच्या मध्यावर १८७२ सालचा घड्याळाचा मनोरा आहे. त्या काळी या भागात मनोऱ्यांची साथच आली असावी. मॅखिन्लेथला १८७४ मध्ये पाया घातला, हे-ऑन-वायला १८८४ मध्ये उभा राहिला. शेजारच्या गावात झालं की आपल्याकडेही हवं, हा नियम सगळीकडे सारखाच. आप्पांनी आपल्या घड्याळाशी वेळ ताडून बघितली आणि मनोऱ्याला मान्यता दिली.

मनोऱ्यापासून मुख्य रस्ता चढू लागतो आणि वर जाऊन त्याचा बोळ होतो. नावच 'द नॅरोज', म्हणजे नुसता बोळ. दोन्ही बाजूंना सोळाव्या-सतराव्या शतकाकडची लाकडी सांगाड्याची घरं, एकमेकांना खेटून, म्हातारी माणसं लग्नात पंगतीला बसतात तशी. देखणा रस्ता आहे, पण चढ असा की देखणेपणा उतरताना कळतो. मी धापा टाकत होतो. आप्पा प्रत्येक घरापाशी थांबून 'सामाईक भिंत' एवढंच पुटपुटत होते. एका काकूंनी पडदा सरकवून बघितलं. मोजणीवाला आला की गावात पडदे हलतात, तो बाहेरच्या देशातला असला तरी. मी उगाचच हसून हात केला.

"आता मुख्य काम," आप्पा म्हणाले.

मुख्य काम म्हणजे बांध. आठव्या शतकात आजच्या इंग्लंडमधल्या मर्सिया नावाच्या राज्याचा राजा होता ओफा. कारकीर्द ७५७ ते ७९६. त्याने वेल्श शेजाऱ्यांच्या बाजूला मैलोन् मैल मातीचा बांध घातला. गावाचं वेल्श नाव 'ट्रेव्ह-अ-क्लाउद', म्हणजे सरळ बांधगावच. पश्चिमेच्या टोकाला या बांधाचं माहिती केंद्र आहे आणि मागच्या हिरवळीवर बांध अजून दिसतो. तिथे एक दगडही आहे. बांधालगतची २८५ किलोमीटरची पायवाट १९७१ मध्ये इथेच खुली झाली, ती लॉर्ड हंट यांच्या हस्ते. हे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे प्रमुख. बोळ चढून आल्यावर त्यांनाच का बोलावलं ते माझ्या पोटऱ्यांना समजलं.

आप्पा बांधावर चढले. मग उतरले. मग पलीकडे जाऊन उकिडवे बसले.

"चर इकडे आहे," ते म्हणाले. आवाजात भक्ती होती. "वेल्शांच्या बाजूला. म्हणजे माती शेजाऱ्याकडची काढली आणि बांध आपल्याकडे घातला. काय डोकं आहे!"

"आणि आता गाव वेल्समध्ये आहे," मी म्हणालो.

आप्पांनी मागे वळून बघितलं. जवळजवळ अख्खं गाव ओफाच्या बाजूला होतं आणि नोंद मात्र वेल्सच्या नावावर. सरहद्द सरकत सरकत खाली नदीवर गेली आणि बांध इथेच राहिला. ती पायवाटसुद्धा आजची सीमा वीसहून अधिक वेळा ओलांडते, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "यांनी हद्द कायम करून घ्यायला हवी होती. अतितातडीची फी भरून."

दशम्या आम्ही बांधावरच खाल्ल्या. मला हॉटेलात बसायचं होतं, पण आप्पांच्या मते जागेवर हजर राहणं महत्त्वाचं.

परतीच्या गाडीला पाऊण तास असताना आम्ही स्टेशनवर होतो, कारण आप्पा गाडीला उशीर करत नाहीत, फक्त मला करतात. आता त्यांना चहा हवा. थर्मास बांधावर रिकामा झालेला, आणि स्टेशनवर ना चहावाला, ना कुणी माणूस. चहा गावात, म्हणजे वेल्समध्ये. मी पुन्हा पूल ओलांडला, दोन कागदी पेले घेतले आणि एका देशातला चहा सांडत सांडत दुसऱ्या देशात आणला.

आप्पा फोनवर होते. गावाकडच्या नानांशी, म्हणजे त्यांच्या चुलतभावाशी. आमच्या आणि नानांच्या रानामध्ये एक बांध आहे आणि त्यावरून दोन हातांचा वाद आहे. हा वाद माझ्यापेक्षा वयाने मोठा. हजारो लोकांच्या हद्दी लावून दिलेल्या माणसाने स्वतःची मोजणी कधी मागवली नाही.

"नाना, इथे बाराशे वर्षांनी बांध जागेवर आहे!" आप्पा ओरडत होते. "चरसुद्धा दिसतोय. तू कितीही नांगर घाल, पुरावा बुजत नाही!"

नानांचा आवाज नऊशे एकरांवर ऐकू जाईल असा. मलाही स्वच्छ ऐकू आला.

"बरं, मग आपल्या बांधाचा चर कुणाच्या बाजूला आहे रे?"

आप्पांनी फोन कानापासून लांब धरला. "हॅलो? हॅलो, नाना? इथे रेंज नाही," ते म्हणाले आणि बंद केला. मग चहाचा घोट घेऊन माझ्याकडे बघितलं.

"साखर कमी आहे. परत जातोस का?"