परदेशी चाललोय, टपाल खातं उघडलेलं नाही

चार दिवस, अकराशे किलोमीटर, नऊ घरं. आणि परत आल्यावर डिकीतून निघालेली सतरा पार्सलं.

काल रात्री साडेअकराला गाडी दारात लावली. मुलं मागच्या सीटवर एकमेकांवर पाय टाकून झोपलेली, सासऱ्यांचे पाय बसून बसून सुजलेले, नवरा एक शब्द बोलायला तयार नाही. आणि मी डिकी उघडून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून, बॅगा तोलायचा तो हातातला काटा एकेका पिशवीला अडकवत उभी. सकाळपर्यंत थांबता आलं असतं, पण झोप येणारच नव्हती. पहिली पिशवी दीड किलो. दुसरी दोन किलो शंभर. तिसरीला चिकटपट्टी इतकी गुंडाळलेली की काट्याचा आकडा अडकवायला जागाच नाही. सगळं मिळून साडेएकोणीस किलो भरलं. आमच्या तिकिटावर माणशी एक बॅग, बॅगेला २३ किलो. म्हणजे आमच्यापैकी एकाने आपले कपडे, चपला, पुस्तकं, जो काय संसार असेल तो साडेतीन किलोत बसवायचा. कोण बसवणार आहे ते मला माहीत आहे. बायकोच बसवणार.

हा दौरा काढायची बुद्धी मलाच झाली होती, हे आधी कबूल करते. महिनाभरात आम्ही देश सोडतोय. (कुठला देश ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की आणखी चार पिशव्या येतील.) परत कधी येणं होईल सांगता येत नाही, आणि येऊ तेव्हा सगळी माणसं असतीलच असंही नाही. म्हणून म्हटलं, गाडी काढू, भेटून येऊ. माझ्या यादीत पाच घरं होती. रस्त्याच्या ओघात पडतील अशी लावलेली, दिवसाला दोनपेक्षा जास्त नाहीत. यादी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवली, तिथेच घात झाला. ‘‘याच्याकडे जाणार आणि त्याच्याकडे नाही? बरं दिसत नाही.’’ दिसण्यासाठी म्हणून चार घरं वाढली. शिवाय मान. आत्याच्या आधी चुलत्यांकडे गेलो तर आत्या बोलणार नाही, चुलत्यांच्या आधी आत्याकडे गेलो तर काकू बोलतील, आणि त्यांचं न बोलण्यापेक्षा बोलणंच जास्त महागात पडतं. त्यापायी एकाच घाटातून आम्ही तीनदा गेलो. नकाशावर आमचा रस्ता लहान मुलाने पेन्सिल गिरगटल्यासारखा दिसत होता.

बरं, तिथे जाऊन भेट तरी झाली का? नऊ घरांत एकच प्रयोग नऊ वेळा झाला, फक्त पडदे वेगळे. बसा, या, किती वाळलीस, टीव्हीचा आवाज तेवढाच. मग पहिला प्रश्न: ‘‘तिथे आत्ता किती वाजले असतील?’’ अहो, मोबाइल हातात आहे तुमच्या! चौथ्या घरापासून माझा सहा वर्षांचा मुलगा कुणी विचारायच्या आधीच वेळ सांगून मोकळा व्हायला लागला. सहाव्या घरात त्याने दारातच सांगितली, चप्पल काढता काढता.

दुसरा प्रश्न ‘‘कायमचेच चाललात का?’’ हा तर सापळाच आहे. हो म्हटलं की बाबांकडे बघून सुस्कारा सोडायचा, म्हणजे आम्ही म्हाताऱ्याला टाकून चाललो. नाही म्हटलं की ‘‘मग एवढा खटाटोप कशाला?’’ मी पाचव्या घरात ‘‘बघू’’ म्हणायला शिकले. त्यावर काकू म्हणाल्या, ‘‘म्हणजे अजून ठरलंच नाही तुमचं!’’ नोकरीचं पत्र आलंय, व्हिसा लागलाय, घरातलं कपाट विकून झालंय, पण नाही, ठरलंच नाही आमचं.

तिसरा प्रश्न पगाराचा. तो सोडून देते.

आणि मग तो लाडका संवाद: ‘‘आमचा पण तिथेच असतो की! शनिवार-रविवार जात जा.’’ लोकांच्या डोक्यात परदेश म्हणजे एक मोठी सोसायटी आहे. वरच्या मजल्यावर यांचा मुलगा, खाली आम्ही. एकट्या कॅनडाचं उदाहरण घ्या. टोरांटो ते व्हँकुव्हर हे अंतर विमानाच्या सरळ रेषेत तीन हजार तीनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत काही तासांचा फरक. मी हे एका घरी तिथल्या बाईंना समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, ‘‘मग एकदाच जा, पण त्याचं हे पाकीट घेऊन जा.’’

पाकीट! तिथेच सगळी मेख आहे. नंतर नंतर मला कळायलाच लागलं. निघायची वेळ झाली, आपण उठलो, की घरातलं कुणीतरी आतल्या खोलीत जातं. कपाट वाजतं. आणि ती वाक्यं येतात. ‘‘अगं, काही नाही, छोटंसंच आहे.’’ ‘‘वजन अजिबात नाही त्याला.’’ ‘‘कोपऱ्यात कुठेही बसेल.’’ वजन नसलेल्या एका वस्तूचं काट्यावर दोन किलो तीनशे भरलं. एक पितळी समई होती वर्तमानपत्रात गुंडाळून. नाही म्हणायची सोय नाही, कारण समोर सगळे उभे असतात आणि बाबा आधीच हात पुढे करून म्हणतात, ‘‘द्या द्या, आमच्याकडे भरपूर जागा आहे.’’ बाबा आमच्याबरोबर विमानात येणार नाहीयेत, हे इथे नमूद करून ठेवते.

एका दिरांनी तोडगाही सुचवला. एकाच बॅगेत पस्तीस किलो भरायचं आणि जास्तीचे पैसे फेकायचे. दादा, ३२ किलोच्या वरची एक बॅग बहुतेक विमान कंपन्या पैसे दिले तरी घेत नाहीत. ती उचलणाऱ्या माणसाला पाठ असते. पण तुम्हाला काय त्याचं.

वजन एक वेळ सोसलं असतं. आत काय आहे त्याचं काय? गुडघ्याला लावायच्या तेलाची अर्धा लिटरची बाटली, वर प्रेमळ सूचना: ‘‘बॅगेत सांडेल, हातातच ठेव.’’ हातातल्या सामानात शंभर मिलीच्या वरची बाटली बहुतेक विमानतळांवर काढून घेतात. २००६ साली लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. तुमच्या गुडघ्याशी त्याचं वैर नाही. एका भाच्याने मित्रासाठी पॉवर बँक दिली, ‘‘मोठ्या बॅगेत टाक, मामी, तळाला.’’ नेमकी तीच टाकायची नसते. लिथियमच्या बॅटरीने खाली सामानाच्या पोटात पेट घेतला तर तिथे हात कुणाचा पोचणार? म्हणून ती जवळच ठेवायची असते. तीही शंभर वॉट-तासांपर्यंतच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), त्याच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. हे मी सांगत होते तर तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मला द्यायचंच नाहीये म्हणून मी हे सगळं तिथल्या तिथे रचतेय.

आणि सगळ्यात कळस म्हणजे गोळ्या. बिनलेबलाचा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला चारी बाजूंनी टेप, आत पांढऱ्या आणि गुलाबी. कसल्या आहेत? ‘‘त्याला माहीत आहे.’’ त्याला माहीत असेल हो, पण कस्टमवाल्यासमोर तो उभा राहणार आहे का? संयुक्त अरब अमिरातीत कोडीन (खोकल्याच्या काही औषधांत असतं ते) असलेलं औषध आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. जपानमध्ये सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांच्या वर असेल तर ते औषध आणायलाच बंदी आहे. म्हणजे सर्दीच्या गोळीपायी माणूस अडकू शकतो. चेक-इनच्या खिडकीवर विचारतात ना, बॅग तुम्हीच भरलीत का, कुणी काही दिलंय का? मी काय सांगू? भरली मीच हो, पण दिलं नऊ घरांनी.

मधल्या प्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं म्हणजे उलट्याच आहेत. धाकट्याने गप्प बसावं म्हणून बाबांनी घाटात त्याच्या हातात मोबाइल दिला. डोळ्यांसमोरचा पडदा सांगतो गाडी स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांगतो गाडी वळतेय, त्या भांडणात पोट हरतं. मी ओरडले, खिडकीबाहेर लांब बघायला सांग त्याला. तोवर उशीर झाला होता. (त्यातून एक पार्सल बाद झालं. मी फार वाईट वाटून घेतलं नाही.) गाडी आम्ही दोघं आळीपाळीने चालवत होतो. युरोपात ट्रक ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचा कायदा आहे. आम्हाला ‘‘निघालात का, कुठवर आलात’’चे फोन होते.

आता मामाबद्दल. खरं तर या एका घरासाठी मी हा सगळा घाट घातला होता.

मला गाडी मामाने शिकवली. सोळा वर्षांपूर्वी, एका रिकाम्या मैदानावर. ‘‘क्लच अर्धा सोड आणि मग गप्प बस. गाडी स्वतः सांगते.’’ दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. आता औषधांमुळे दिवसभर गुंगीत असतो, संध्याकाळी चार ते सहा काय तो जागा, तेव्हा ओळखतो, हसतो, एखादा शब्द बोलतो. मामीला मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, साडेचारला येते. आठव्या क्रमांकाचं घर ते, बाबांच्या यादीप्रमाणे. सातव्या घरातून आम्ही साडेतीनला उठलो, अगदी चपला पायात. तर काकू म्हणाल्या, ‘‘दोन मिनिटं थांबा, शेजारच्यांना त्यांच्या मुलीसाठी काहीतरी द्यायचंय, निघाल्याच आहेत त्या.’’ शेजारच्या! ज्यांना आम्ही जन्मात बघितलेलं नाही! मी म्हटलं, आम्हाला उशीर होतोय. बाबा म्हणाले, ‘‘बसू गं दोन मिनिटं, बरं दिसत नाही.’’ त्या बाई पावणेसहाला आल्या. निळी पिशवी घेऊन.

मामाकडे पोचलो तेव्हा सव्वासात वाजले होते. तो झोपलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मामीने त्याला चारलाच तयार करून बसवलं होतं, आणि सहानंतर तो तसाच कलंडला. ‘‘उठवून बघू?’’ मामी म्हणाली. मी नको म्हटलं. पाऊण तास त्याच्याजवळ बसले. तेवढ्यात फोन वाजला, सातव्या घरातून. ‘‘निळी पिशवी उभीच ठेवलीयस ना गं? आडवी केलीस तर गळेल.’’

मामीने काही दिलं नाही. गाडीपर्यंत आली आणि फक्त एवढंच विचारलं, ‘‘तूच चालवत आलीस ना? उद्या सांगते त्यांना.’’ नवव्या घरात मी कोणाशी काय बोलले, मला आठवत नाही.

आज सकाळी निळी पिशवी उघडली. आत शॅम्पूच्या तीन बाटल्या होत्या. तिथे मिळत नाही म्हणे.

हे लिहीत असतानाच बाहेरच्या खोलीत बाबांचा फोन वाजला. ज्या एका घरी आम्ही जाऊ शकलो नाही, तिथला. आवाज स्पीकरवर. ‘‘आमच्याकडे नाही आलात, असू दे, आम्ही काही मनात ठेवणारी माणसं नाही. विमान कितीचं आहे? आम्हीच येतो एअरपोर्टवर सोडायला. छोटंसंच आहे, हातातच देतो.’’

बाबांनी तारीख सांगितली, वेळ सांगितली, टर्मिनल सांगितलं. वर म्हणाले, तीन तास आधी या.