शेवटी 'काहीच होत नाही' म्हणणाऱ्यांना

दुपारपासून डोकं तापलेलं आहे. घरी आले, स्वयंपाक केला, पोरांना जेवू घातलं, उद्याच्या शाळेची तयारी केली, तरी उतरलं नाही. म्हणून लिहूनच टाकते.

आमच्या तालुक्याच्या गावी महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-बारा जण पुस्तकांवर बोलायला बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी कॉलेजच्या मुलींच्या आग्रहावरून 'ट्वायलाइट'ची चारही पुस्तकं घेतली होती, म्हणजे स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची, पिशाच्चाच्या प्रेमात पडलेल्या बेला नावाच्या मुलीची गोष्ट. संच माझाच दिला. डी.एड.ला असताना नागपूरला सीताबर्डीच्या फूटपाथवरून एकेक करून जमवलेला, समासात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिलेला. पहिल्या तीन पुस्तकांपर्यंत सगळे गोडीगुलाबीने बोलले. चौथं, 'ब्रेकिंग डॉन', निघालं आणि खोलीत सरळ दोन तट पडले. वर टिनावर पाऊस आणि खाली आमचा आवाज. (पुढे शेवट सांगितला आहे. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी इथूनच वापस जा.)

आमच्यात एक निवृत्त सर आहेत. वाचन दांडगं, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. ते म्हणाले, "साडेसातशे पानं! जगभरातून पिशाच्चं गोळा केली, दिवस दिवस सराव केला, बर्फात दोन फौजा समोरासमोर उभ्या केल्या आणि शेवटी काय? बोलणं झालं अन् सगळे आपापल्या घरी गेले. काहीच होत नाही. वाचकाची फसवणूक आहे ही." अर्धी खोली हसली. हसू थांबल्यावर ते म्हणाले, "बायकांची पुस्तकं अशीच असतात."

मला तिथे बोलताच आलं नाही. राग आला की माझं असंच होतं, सगळं घशाशी येऊन अडकतं. म्हणून आता इथे.

काहीच होत नाही? सर, काहीच होऊ नये म्हणून काय काय करावं लागतं हे मी सातवीत असताना पाहिलं आहे.

आमचं आणि मोठ्या बाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं, वावर लागून. आजोबांनी वाटणी केली ती तोंडी. मधे धुरा म्हणजे बांध, धुऱ्यावर एक गाडलेला गोटा आणि त्याला लागून एक बाभूळ. बाभूळ एका वादळात पडली, तिची लाकडं दोन्ही घरच्या चुलीत गेली. मग दर उन्हाळ्यात वखरताना धुरा बोट बोट कोरला जायचा. कोण कोरायचं यावर दोन्ही घरांचं म्हणणं वेगळं. त्या वर्षी मृगाच्या तोंडावर गोटाच गायब झाला. मोठ्या बाबांना कोणीतरी सांगितलं की त्याने माझ्या बाबांना गोट्यापाशी वाकलेलं पाहिलं. बाबा वाकले होते ते बैलाचं सुटलेलं जोतं बांधायला. पण दुरून पाहणाऱ्याने विचारलं नाही आणि ऐकणाऱ्यानेही नाही.

आता पुस्तकात या. आयरीना ही बेलाच्या सासरच्यांच्या ओळखीतली पिशाच्च बाई. ती दुरून बेलाच्या मुलीला पाहते, तिला वाटतं हे 'अमर मूल' आहे, म्हणजे लहानपणीच पिशाच्च केलेलं, पिशाच्चांच्या कायद्यात सर्वांत मोठा गुन्हा. ती विचारायला थांबत नाही, तडक इटलीत व्होल्तुरींकडे, म्हणजे पिशाच्चांवर राज्य करणाऱ्या घराण्याकडे, जाऊन सांगते. एवढ्यावरून सगळं पेटतं. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन हॉस्टेलच्या खाटेवर हे पान वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मला जोतं आठवलं.

हे पुस्तक आलं तेव्हाही असाच गोंधळ झाला होता. २ ऑगस्ट २००८ ला मध्यरात्री अमेरिकेत दुकानं उघडी ठेवून विकलं, पहिल्याच दिवशी तिथे १३ लाख प्रती गेल्या. आणि ज्या मुलींनी रात्रभर रांगा लावल्या त्यांच्यातल्याच कितीतरी जणी चिडल्या, पुस्तक दुकानात परत करा म्हणून मोहीम निघाली. लग्न आणि बाळंतपण कशाला, जेकबच्या, म्हणजे बेलाच्या लांडगा होऊ शकणाऱ्या मित्राच्या, तोंडून मधला भाग कशाला, आणि मुख्य म्हणजे लढाई का नाही. म्हणजे आमच्या सरांचं म्हणणं काही नवं नाही. पण नवं नाही म्हणून बरोबर आहे असं थोडंच?

बरं, काही गोष्टी मलाही पटत नाहीत, त्या सांगून मोकळी होते. जेकबचं बेलाच्या तान्ह्या मुलीशी 'इम्प्रिंट' होणं, म्हणजे जन्मभरासाठी जीव जडणं, मला तेव्हाही नको वाटलं, आजही वाटतं. आणि जेकबची जमात, क्विल्यूट, ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या समुद्रकाठची खरीखुरी आदिवासी जमात आहे. आमच्याकडच्या कोलाम आदिवासींच्या देवांवर कोणी बाहेरच्याने असा खेळ मांडला असता तर मी काय म्हटलं असतं हे मला ठाऊक आहे. मान्य. पुढे चला.

त्या दिवशी सकाळी वावरात दोन्हीकडची माणसं जमली. आमच्याकडून बाबा आणि दोन मामा, तिकडून मोठे बाबा, चुलतभाऊ आणि त्याचे साळे. बंडीच्या उभाऱ्या, म्हणजे बाजूचे लाकडी दांडे, काढून हातात घेतलेल्या. आम्हा पोरांना घरी कोंडलं होतं, मी मागच्या सांदीतून निघून काट्यांच्या कुपाटीआड जाऊन बसले. मी पाहिलेलं सांगते: कोणी ओरडत नव्हतं. माझ्या मोठ्या मामाच्या हाताची बोटं उभारीवर सारखी उघडत होती आणि मिटत होती. घामाने हात सटकू नये म्हणून तो मधूनच मूठभर माती उचलून तळव्याला चोळायचा. मला आजही कोणी 'युद्ध' म्हटलं की ती माती चोळलेली मूठ दिसते.

आणि आई घरी नव्हती. पहाटेच निघून गेली होती, कोणाला न सांगता. मोठी आई तिकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पयाली पाहा माहेराले, भेऊन." बाबांनी मान खाली घातली. मीही तेच समजले. माझी आई मला सोडून पळाली असं मी त्या कुपाटीआड बसून समजले, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून ॲलिस जेव्हा जाते तेव्हा मला कळलं होतं. ॲलिस म्हणजे बेलाची नणंद, तिला पुढचं दिसतं. ऐन संकटात ती आणि तिचा नवरा जॅस्पर एक चिठ्ठी ठेवून निघून जातात. सगळ्यांना वाटतं, जीव वाचवून पळाले. जिला भविष्य दिसतं तीच पळाली म्हणजे आपलं मरण ठरलेलं. चिठ्ठी लिहिली आहे ती 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या फाडलेल्या पानावर. आता सर, तुम्ही शेक्सपिअर शिकवला आहे. त्या नाटकाचा निकाल तलवारीने लागतो का? कोर्टात लागतो. लेखिकेने तिथेच तुमच्या हातात शेवट ठेवला होता, तुम्ही पान उलटून लढाई शोधत पुढे गेलात.

आमची बंडी आली तेव्हा ऊन चढलं होतं. आई स्वतः हाकत होती. मागे कडब्यावर एक म्हातारी बसलेली, चार कोसांवरच्या गावात लेकीकडे राहायला गेलेली. तिने तीसेक वर्षं आमच्या आणि मोठ्या बाबांच्या दोन्ही वावरात निंदण केलं होतं. कोणाच्याच नात्यातली नाही, कोणाच्याच पानावर जेवणारी नाही. आईने तिला हात धरून उतरवलं. ती विहिरीपासून चालत आली, डोळे बारीक करून, पायाने ढेकळं चाचपत, आणि एका जागी उभी राहिली. "इथं," म्हणाली. "माह्या तिन्ही लेकरायची झोयी ह्या बाभयीले राहे. इकून सावली गेली का मी झोयी तिकून बांधो. मले नाई मालूम त कोणाले मालूम?" मोठ्या बाबांनी स्वतः सब्बल मारली. हातभर खाली बाभळीची काळी पडलेली मुळी निघाली.

माणसं तशीच उभी होती. मग मोठ्या मामाने उभारी बंडीला परत लावली. लाकडात लाकूड बसल्याचा तो आवाज, एवढंच काय ते 'झालं' त्या दिवशी.

काहीच नाही झालं ना सर? सगळे आपापल्या घरी गेले.

ॲलिससुद्धा परत येते आणि सोबत नाहुएलला आणते. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला, बेलाच्या मुलीसारखाच अर्धा माणूस अर्धा पिशाच्च, दीडशे वर्षं जगलेला, मावशीने वाढवलेला. तो फक्त उभा राहून सांगतो की मी असा जन्मलो, सात वर्षांत पूर्ण वाढलो, तेव्हापासून बदललो नाही. एका साक्षीने मुलगी वाचते. तोपर्यंत बेलाने काय केलं, तर आपल्या मनाची ढाल ताणून ताणून सगळ्यांवर पांघरली, समोरच्यांची एकही विद्या आत येऊ दिली नाही. तिने कोणावर हात उगारला नाही. पहिल्या पुस्तकात घसरून पडणारी पोरगी इथे सगळ्यांच्या मधे उभी राहून सगळ्यांना झाकते. मुखपृष्ठावर पुढे पांढरी राणी आणि मागे लाल प्यादं आहे ते काय उगीच?

हो, समोरच्यांनी माघार घेतली त्यात आता आपण जिंकू की नाही ही भीतीही होती. आमच्याकडेही दोन्ही बाजूंना उभाऱ्या सारख्याच होत्या. तेवढं कबूल.

कोणी म्हणालं, सिनेमात तरी लढाई दाखवली. २०१२ च्या त्या शेवटच्या भागात बेलाच्या सासऱ्याचं, कार्लाइलचं, डोकं उडतं, थिएटरात पोरी किंचाळल्या म्हणतात. आणि मग कळतं की हे ॲलिसने व्होल्तुरींच्या म्होरक्याला, आरोला, दाखवलेलं भविष्य होतं, घडलंच नाही. म्हणजे सिनेमावाल्यांनीही लढाई खोडूनच टाकली. आधी मेलेली माणसं दाखवावी लागली, तेव्हा कुठे लोकांना न मेलेल्यांची किंमत कळली. मला दाखवायची गरज नव्हती. कुपाटीआडून मी रात्ररात्र ती न झालेली लढाई पाहिली आहे. कधी बाबा पडलेले असायचे, कधी मामा, कधी माझा चुलतभाऊ, ज्याच्यासोबत मी आठवडाभर आधी जांभळं खाल्ली होती.

आता जरा शांत झाले आहे, तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बीएस्सीला असलेली एक मुलगी आहे, कमी बोलते. ती माझ्या विरुद्ध बाजूला होती. ती म्हणाली, "मॅडम, मला लढाई नकोच होती. पण बेलाला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. नवरा मिळाला, मुलगी मिळाली, ताकद मिळाली, बापसुद्धा सुटला नाही. आपल्याकडे कोणाला असं सगळं मिळते?" घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं. तिचं खरं आहे. आमचे मोठे बाबा त्या दिवशी पाणी न पिता गेले आणि पुढे अकरा वर्षं आमच्या अंगणात आले नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात त्यांची जागा रिकामी होती. मुळी सापडली पण गोटा कुठे गेला ते आजही कोणाला माहीत नाही. लढाई टळली म्हणजे सगळं गोड झालं असं आमच्याकडे झालं नाही, आणि बेलाच्या घरी जरा जास्तच गोड झालं. पोरी, हा मुद्दा तुझा. पुढच्या वेळी मोठ्याने बोल, सरांपेक्षा मोठ्याने.

पण तिथेही एक जीव गेला, तो कोणी मोजत नाही. आयरीना. चूक कबूल केली तरी व्होल्तुरींनी तिला सगळ्यांसमोर मारलं, तिच्या बहिणी झेपावू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवावं लागलं, कारण त्या झेपावल्या असत्या तर सगळेच मेले असते. आपली बहीण समोर जळताना स्वतःला धरून ठेवणं! आणि आमचे सर म्हणतात काही होत नाही.

आणि 'बायकांची पुस्तकं' हे शब्द मी सोडणार नाही. पहाटे एकटीने बंडी जुंपून चार कोस जाणारी बाईच होती. बाप्ये लोक उभाऱ्या घेऊन उभे होते.

रात्री आईला फोन केला. आता तिला ऐकू कमी येते, मोठ्याने सांगावं लागते. सगळी गोष्ट सांगितली, पिशाच्चांसकट. तिने हो-हो केलं. "अन् ते चिठ्ठी ठिवून गेलेली पोरगी वापस आली का?" आली, म्हटलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अन् ज्यायची बहीण मेली, त्या? त्या मंग कशा गेल्या घरी?"

मला लगेच आठवेना. पुस्तक पुढ्यात ओढलं, शेवटचं प्रकरण काढलं, फोन खांद्याला धरून पानं उलटली. सापडलं. ज्याने आयरीनाच्या बहिणीला, केटला, धरून ठेवलं होतं तो गॅरेट तिच्यासोबत गेला.

"हं," आई म्हणाली. "म्हंजे एकटी नाई गेली."