चेक बाउन्सची नोटीस परत पाठवू नका

"चेक बाउन्स झालाय? घाबरू नका, वकीलही लागत नाही. हे पाच उपाय करा, केस आपोआप उडेल." हा मेसेज सध्या व्यापाऱ्यांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या मावसभावाने तो खरा मानला आणि दारात आलेला लिफाफा पोस्टमनच्या हाती परत दिला, म्हणून हे लिहायला घेतलं.

मेसेजमधला पहिला उपाय हाच: नोटीस घेऊ नका, मिळालीच नाही तर १३८ (चेक न वटण्याचा गुन्हा सांगणारं कायद्याचं कलम) लागत नाही. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटता परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून ३० दिवसांत फिर्यादीने लेखी नोटीस पाठवायची असते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे दिलेत तर गुन्हा घडतच नाही. नाही दिलेत, तर त्यापुढच्या एका महिन्यात त्याने कोर्टात तक्रार करायची. आता तुम्ही लिफाफा नाकारता तेव्हा काय होतं? पोस्टमन त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो, तारीख टाकतो, सही करतो. समोरचा वकील तो लिफाफा न फोडता कोर्टात हजर करतो आणि तोच बजावणीचा पुरावा होतो. 'घर बंद', 'सूचना देऊनही नेले नाही' या शेऱ्यांनीही सहसा सुटका होत नाही. पत्ता बरोबर असेल आणि टपालखर्च भरलेला असेल तर नोटीस पोचली असं कायदा धरून चालतो. पोचली नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २००७ साली सी. सी. अलवी हाजी प्रकरणात हा प्रश्न कायमचा निकाली काढला. नोटीस मिळाली नाही असं ज्याचं म्हणणं आहे, त्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि तक्रार फेटाळण्याची विनंती करावी. त्या १५ दिवसांतही पैसे भरले नाहीत, तर नोटीस मिळाली नव्हती हा बचाव त्याला उरत नाही. हा निकाल पाहता त्या मेसेजमधला पहिला उपाय उभाच राहत नाही.

शिवाय तुमचा खरा बचाव बऱ्याचदा त्याच लिफाफ्यात असतो. नोटीस फोडून आधी रक्कम बघा. चेक ३ लाखांचा आणि मागणी ३ लाख ४० हजारांची असेल, चेकची नेमकी रक्कम वेगळी मागितली नसेल, तर नोटीस सदोष ठरते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात तर टायपिंगची चूक झाली हा खुलासाही मानला नाही. मग तारखा कागदावर ओळीने मांडा: चेकची तारीख, बँकेत भरल्याची तारीख (तीन महिन्यांच्या आत हवी), मेमो, नोटीस, पोच, तक्रार. १५ दिवस पुरे होण्याआधीच दाखल केलेली तक्रार कोर्टाला दखलीत घेता येत नाही. लिफाफा परत गेला तर यातलं काही तुम्हाला वेळेत कळणार नाही.

उत्तर १५ दिवसांच्या आत पाठवा. चेक कधी, कशासाठी दिला, किती परत केले, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून, हे त्यात असू द्या आणि पाठवल्याची पावती जपून ठेवा. "सध्या अडचण आहे, दोन महिने थांबा" हे वाक्य मात्र लिहू नका, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. त्या एका ओळीने तुम्ही देणं कबूल करता आणि उलटतपासात ती ओळ तुमच्यासमोर धरली जाते.

मेसेजमधला पुढचा उपाय, "सिक्युरिटीचा (तारण म्हणून दिलेला) चेक होता म्हणा", यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. पण सिक्युरिटी हा शब्द उच्चारून कोणी सुटत नाही. चेक बँकेत भरला त्या दिवशी तेवढं देणं होतं का, एवढंच कोर्ट बघतं. ५ लाखांचा चेक दिला, नंतर २ लाख फेडले, तरी समोरच्याने चेकवर तशी नोंद न करता पूर्ण ५ लाखांसाठी तो भरला, तर १३८ लागत नाही. दशरथभाई पटेल प्रकरणात २०२२ साली हे स्पष्ट झालं. त्यासाठी ते २ लाख बँक स्टेटमेंटवर दिसायला हवेत.

सही मुद्दाम वेगळी करा, किंवा मजकूर दुसऱ्याच्या अक्षरात आहे म्हणा, हे दोन्ही फोल आहे. सही जुळत नाही म्हणून परत आलेल्या चेकवरही १३८ लागतं, आणि सही करून कोरा चेक स्वतःहून दिला असेल तर पुढचं कोणी भरलं याला महत्त्व नाही.

"२० हजारांवरचं रोख कर्ज बेकायदा, म्हणून केस फेटाळली जाते" हेही चूक. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये तो मुद्दा नाकारला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात तेच म्हटलं. वर हा नियम मोडल्याचा आयकराचा दंड रोख कर्ज घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावरच येतो. विचारायचं ते वेगळं आहे: एवढी रोकड फिर्यादीकडे आली कुठून, कोणत्या खात्यातून काढली, त्याच्या आयकर रिटर्नमध्ये हे कर्ज दाखवलंय का. हा उलटतपास नीट झाला तर चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता हे कायद्याने धरलेलं गृहीतक डळमळतं. तुम्हाला ते संशयातीत खोडावं लागत नाही, तुमचं म्हणणं जास्त संभवनीय दिसलं तरी पुरतं.

शेवटचा उपाय: जामीनपात्र गुन्हा आहे, तारखेला जाऊ नका. हे सांगणाऱ्याने पुढचं सांगितलेलं नाही. समन्सनंतर जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र, मग उद्घोषणा, म्हणजे हजर व्हा अशी कोर्टाची जाहीर सूचना. उद्घोषणेनंतरही हजर झाला नाहीत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि १३८ ची कमाल शिक्षा आहे दोन वर्षं. मूळ केस तडजोडीत मिटली म्हणून हा वेगळा गुन्हा आपोआप पुसला जात नाही. जाणं खरोखर शक्य नसेल तर त्या दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या, कारणाचा कागद जोडून.

ज्यांनी लिफाफा आधीच परत पाठवलाय त्यांनी ई-कोर्ट्सच्या अॅपवर स्वतःच्या नावाने केस शोधा. वॉरंट निघालं असेल तर पोलीस येण्याची वाट न पाहता वकिलाबरोबर स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि जामीनदाराची कागदपत्रं सोबत ठेवा. समन्स नुकतंच आलं असेल तर त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. अलवी हाजीचे १५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे.