पातं म्हणजे पातं नसतं हो, भाऊ!

डोकं भणभणतंय माझं. जळगावच्या एका दुकानात स्क्रोल सॉचं, म्हणजे लाकडात अक्षरं-नक्षी कापायच्या मशीन-करवतीचं, दोन नंबरचं बारीक पातं मागवलं. बिनपिनेचं, प्लेन टोकाचं, असं फोनवर तीनदा बजावलं. अमळनेरहून भर उन्हात जाऊन डझनभर आणली, घरी पुडी फोडली तर सगळी पिनवाली, टोकांना आडवी पिन असलेली! फोन केला तर म्हणे, "पातं म्हणजे पातं, भाऊ. लांबी तीच ५ इंच. लाकूडच कापायचं ना?"

अहो, लाकूड कापायला कुऱ्हाडही चालते! मला सागाच्या १२ मिलिमीटर फळीत घराच्या पाटीसाठी 'मुक्ताई' कोरायचंय. म आणि क यांची पोटं आतून मोकळी करायची, तिथं बाहेरून पातं पोचतच नाही. आधी पोटात बारीक भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत आवळायचं, ताण द्यायचा. बोटानं छेडल्यावर टणकन वाजलं, तरच मशीन सुरू. एवढं करून एक पोट होतं, पुढच्याला सगळं पहिल्यापासून. प्लेन पात्याला १ मिलिमीटरचं भोक पुरतं. आडवी पिन आत जायची तर त्याहून कितीतरी मोठं भोक लागतं. माझ्या म ची गाठच २ मिलिमीटरची! भोकातच गाठ खलास, कापू काय?

त्यात ते पातं रुंद. क च्या वळणावर वळत नाही. रेटलं की पाठ घासते, लाकूड जळून काळं पडतं आणि काप रेघ सोडून जातो. सागात सिलिका असते, तिच्यामुळे दात असेही लवकर बोथट होतात. काल उकाराची शेपटीच तुटली. वर्षभर सावलीत वाळवलेली फळी गेली, चार तास गेले. कोण भरून देणार?

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. त्याच दिवशी वास्तुशांत, पाटी सकाळी दारावर हवी. घरमालक रोज विचारतात, "दादा, इतलंसं काम, नि इतला दिन?" त्यांच्यावर राग नाही माझा. पातं ओवणं त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण दुकानदारानं? हजारोंच्या मशीन विकायच्या आणि तिला लागणारी बारीक पाती ठेवायची नाहीत, का तर म्हणे खपत नाहीत. ठेवलीच नाहीत तर खपतील कुठून? आणि नाहीत तर नाही म्हणा ना तोंडावर, भलतंच पुडीत बांधून का देता? दुपारी लाईट जाते त्यावर तर आज बोलतच नाही.

उद्या परत जळगाव. या वेळी पुडी काउंटरवरच फोडणार, एकेक पातं उजेडात धरून बघणार, आणि एक जरी पिन दिसली तरी सगळे पैसे मोजून परत घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.